नवोन्मेष परिसर आणि शहराची अर्थव्यवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या एखाद्या भागात संशोधन संस्था, नवे उद्योग, जुन्या कंपन्या आणि वस्ती यांना शेजारी आणून त्यातून रोजगार व उत्पन्न वाढवावे, असा प्रयत्न जगातील अनेक शहरे करीत आहेत. या प्रयत्नांविषयी लोकप्रतिनिधी, नगररचनाकार, विद्यापीठांचे प्रशासक आणि त्या भागातील रहिवासी जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

नवोन्मेष परिसर म्हणजे नेमके काय?

‘इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट’ या संज्ञेसाठी येथे ‘नवोन्मेष परिसर’ हा शब्द वापरला आहे. ‘जिल्हा’ म्हटले की जिल्हाधिकारी आणि तालुके डोळ्यांपुढे उभे राहतात. येथे अभिप्रेत असलेला भूभाग बहुधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जाता येईल इतकाच असतो. त्यात विद्यापीठ, संशोधन रुग्णालय किंवा मोठी कंपनी अशी एखादी आधारसंस्था असते आणि तिच्याभोवती नवउद्योग, प्रयोगशाळा, गुंतवणूकदार, घरे, दुकाने आणि सार्वजनिक वाहतूक यांची दाट वीण असते. ब्रूस कॅट्झ आणि ज्युली वॅग्नर यांनी २०१४ मध्ये ब्रुकिंग्स या अमेरिकी धोरण-संशोधन संस्थेसाठी केलेल्या मांडणीमुळे ही संज्ञा सर्वत्र रुळली. आर्थिक, भौतिक आणि संबंधविषयक अशा तीन प्रकारच्या संपत्ती एकत्र आल्यावर असा परिसर उभा राहतो, असे त्यांनी म्हटले आहे. पहिल्या दोन नकाशावर दाखवता येतात. तिसरी, म्हणजे माणसांमधील ओळखी, विश्वास आणि देवाणघेवाण, दाखवता येत नाही, आणि म्हणूनच बहुतेक आराखड्यांत तिच्या वाट्याला एखादाच परिच्छेद येतो.

मग हा परिसर आणि औद्योगिक वसाहत किंवा आयटी पार्क यांत फरक काय?

स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये आपल्या जमिनीवर संशोधन पार्क उभारले आणि १९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुमारे ७,००० एकरांचे ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ सुरू झाले. पुढची कित्येक दशके जगाने याच नमुन्याचे अनुकरण केले : शहराबाहेर मोकळी जमीन, प्रत्येक कंपनीची स्वतंत्र इमारत, भोवती हिरवळ आणि गाड्या उभ्या करण्यासाठी प्रशस्त जागा. गोपनीयतेला महत्त्व देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ही रचना मानवली. परंतु अशा ठिकाणी शेजारच्या कंपनीतील माणूस सहसा भेटतच नाही, कारण तो सकाळी गाडीने आत येतो आणि संध्याकाळी गाडीनेच बाहेर पडतो. नवोन्मेष परिसराची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. तेथे मिश्र वापर, पायी चालण्याजोगे रस्ते आणि संध्याकाळनंतरही टिकणारी वर्दळ यांना सोय न मानता उत्पादनाचे साधन मानले जाते. खुद्द रिसर्च ट्रँगल पार्कनेही २०१० च्या दशकात आपल्या मधल्या भागात घरे, दुकाने आणि दाट बांधणी आणण्याचा आराखडा हाती घेतला, यावरून वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे कळते.

संपर्काची इतकी साधने असताना एकाच जागी असण्याचा आग्रह कशासाठी?

अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविज्ञान विद्यापीठातील थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या परस्परसंवादाचा अभ्यास केला, तेव्हा दोन माणसांच्या बसण्याच्या जागांमधील अंतर वाढले की त्यांच्यातील तांत्रिक संवाद झपाट्याने घटतो आणि पन्नासेक मीटरच्या पुढे तो नगण्य होतो, असे त्यांना आढळले. ॲडम जॅफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पेटंटमधील संदर्भ तपासून दाखवले की एखाद्या शोधाचा आधार घेणारे पुढचे शोध त्याच प्रदेशात लागण्याची शक्यता अपेक्षेपेक्षा बरीच जास्त असते. लिहून ठेवलेले ज्ञान क्षणात जगभर जाते. प्रयोग कोठे फसला, कोणते यंत्र कोणत्या तापमानाला लहरीपणा करते, कोणता अभियंता सध्या नोकरी बदलण्याच्या विचारात आहे, ही माहिती मात्र कोणी लिहून ठेवत नाही आणि ती समोरासमोरच दिली जाते.

याला मर्यादाही आहे. माणसे शेजारी बसवली म्हणजे ती बोलू लागतातच असे नाही. एकमेकांना उपयोगी पडेल असे काही दोघांकडेही असावे लागते.

शहराला यातून आर्थिक लाभ नेमका कोणत्या मार्गाने होतो?

सर्वात उघड मार्ग म्हणजे शहराबाहेर विकल्या जाणाऱ्या वस्तू व सेवांतून येणारे उत्पन्न. औषध, सॉफ्टवेअर किंवा वैद्यकीय उपकरण जगभर विकले जाते, त्यातून आलेला पगार मात्र शहरातील शिक्षक, सुतार, वकील आणि खाणावळी यांच्याकडे खर्च होतो. अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेत्ती यांच्या अमेरिकी शहरांवरील अभ्यासानुसार उच्च तंत्रज्ञान क्षेत्रातील एका रोजगारामागे दीर्घकाळात स्थानिक सेवाक्षेत्रात सुमारे पाच रोजगार निर्माण होतात. हा आकडा सभांमधून फार उदारपणे वापरला जातो. तो संपूर्ण महानगर प्रदेशासाठी आणि दीर्घ मुदतीसाठी आहे. एका परिसरातील एका इमारतीला तो लावता येत नाही.

दुसरा मार्ग मालमत्ता कराचा. ओस पडलेल्या गोदामांच्या जागी वापरातील इमारती आल्या की शहराच्या तिजोरीत कायमची भर पडते. तिसरा मार्ग अधिक संथ, पण माझ्या मते सर्वाधिक मोलाचा आहे : एखादी कंपनी बुडाली तरी तिच्यातील कुशल माणसे त्याच परिसरात दुसरे काम शोधू शकतात, आणि त्यामुळे शहराचे भवितव्य एकाच उद्योगसमूहाला बांधलेले राहत नाही.

यातील एक फसवा हिशेब मात्र ओळखायला हवा. नदीपलीकडची कंपनी उठून नव्या परिसरात आली, तर परिसराच्या अहवालात शेकडो ‘नवे’ रोजगार दिसतात, पण प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत भर शून्य असते. व्हर्टेक्स ही औषध कंपनी अमेरिकेतील केंब्रिजमधून शेजारच्याच बॉस्टनच्या सीपोर्ट भागात गेली, तेव्हा बॉस्टनच्या दृष्टीने ते मोठे यश होते आणि महानगराच्या दृष्टीने बहुतांशी स्थलांतर होते.

सुरुवात कशापासून करावी?

आपल्या शहरात असे काय आहे जे दुसऱ्या शहराला सहजासहजी उचलून नेता येणार नाही, या प्रश्नापासून. बहुतेक शहरे याऐवजी सध्या कोणत्या क्षेत्राची चलती आहे हे पाहतात, आणि त्यामुळे एकाच वर्षी अनेक शहरांच्या आराखड्यांत तीच तीन-चार क्षेत्रे आलेली दिसतात.

नेदरलँड्समधील आइंडहोवेनचे उदाहरण बोलके आहे. फिलिप्स कंपनीने आपले विखुरलेले संशोधन एका आवारात आणले आणि २००३ मध्ये ते आवार इतर कंपन्यांसाठी खुले केले. पुढे २०१२ मध्ये तिने ते विकूनही टाकले. चिप बनवणाऱ्या यंत्रांसाठी आज प्रसिद्ध असलेली एएसएमएल ही कंपनी १९८४ मध्ये फिलिप्सच्या भागीदारीतूनच जन्मली होती. म्हणजे शहराकडे प्रकाशशास्त्र, अचूक यंत्रबांधणी आणि इलेक्ट्रॉनिक्स यांतील अनेक दशकांचे कौशल्य होतेच. गरज होती ती एका कंपनीच्या भिंतींआड असलेले ते कौशल्य मोकळे करण्याची. ब्राझीलमधील रेसिफे शहरात विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग चांगला होता, पण शिकलेली मुले बाहेरगावी जात. २००० साली तेथे ‘पोर्तो दिजिताल’ सुरू झाले, ते शहराच्या जुन्या बंदरालगतच्या पडक्या होऊ लागलेल्या ऐतिहासिक इमारतींत. त्यामुळे तरुणांना शहरातच काम मिळाले आणि त्या इमारतींची डागडुजीही झाली.

अशी पाहणी करताना विद्यापीठाच्या माहितीपत्रकापेक्षा कारखान्यांतील पर्यवेक्षक, रुग्णालयातील उपकरण-दुरुस्ती विभाग आणि गेल्या दहा वर्षांत शहर सोडून गेलेले उद्योजक यांच्याशी बोलणे अधिक उपयोगाचे ठरते. शेवटच्या गटाला फारसे कोणी विचारत नाही, आणि अडचण नेमकी कोठे आहे हे त्यांनाच सर्वात चांगले ठाऊक असते.

शहरात मोठे विद्यापीठ नसेल तर?

विद्यापीठ आणता येते, पण ते स्वस्त नाही. न्यूयॉर्कने २०१० च्या अखेरीस उपयोजित विज्ञानाच्या नव्या शिक्षणसंकुलासाठी जगभरातील विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवले आणि डिसेंबर २०११ मध्ये कॉर्नेल व इस्रायलमधील टेक्निऑन यांच्या संयुक्त प्रस्तावाची निवड केली. शहराने रूझवेल्ट बेटावरील जमीन आणि पायाभूत सोयींसाठी १० कोटी डॉलर देऊ केले; इमारती उभ्या राहीपर्यंत वर्ग दुसऱ्याच्या जागेत भरले आणि संकुलाचे उद्घाटन २०१७ मध्ये झाले. या योजनेत स्पर्धा लावण्याचे कसब होते खरे, पण पारडे जड होते ते न्यूयॉर्कच्या नावामुळे आणि एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या ३५ कोटी डॉलरच्या देणगीमुळे. इतर शहरांना या दोन्ही गोष्टी मिळतील असे गृहीत धरता येत नाही.

आधारसंस्था म्हणजे विद्यापीठच असावे असेही नाही. टेनेसी राज्यातील चॅटनूगा या मध्यम आकाराच्या शहरात सार्वजनिक मालकीच्या वीज कंपनीने २०१० मध्ये आपल्या संपूर्ण सेवाक्षेत्रात गिगाबिट वेगाची इंटरनेट सेवा पुरवली. त्या जोरावर शहराने २०१५ मध्ये मध्यवर्ती भागातील सुमारे १४० एकरांचा नवोन्मेष परिसर घोषित केला. कोलंबियातील मेदेयीन शहरात ‘रुता एने’ ही नवोन्मेष संस्था २००९ मध्ये नगर प्रशासन आणि सार्वजनिक सेवा कंपन्या यांनी मिळून स्थापन केली. वीज, पाणी, आरोग्य, बंदर यांपैकी ज्या सेवेत शहराची पकड आहे, तीही आधारसंस्था होऊ शकते.

जागा कोणती निवडावी?

आधारसंस्थेपासून पायी जाता येईल अशी, सार्वजनिक वाहतुकीवर असलेली आणि शक्यतो जुन्या, स्वस्त इमारती शिल्लक असलेली. केवळ सरकारी जमीन रिकामी आहे म्हणून शहराच्या वेशीबाहेरची जागा निवडली, तर पहिल्या दिवसापासूनच माणसे तेथे ओढून आणावी लागतात.

जमिनीच्या वापराचे नियम कसे बदलावे लागतात?

नगर प्रशासनाला शोध लावता येत नाहीत, उद्योजक घडवता येत नाहीत आणि गुंतवणूकदारांचा कल ठरवता येत नाही. त्याच्या हातात खऱ्या अर्थाने जे आहे ते म्हणजे जमिनीवर काय, किती आणि कोणत्या अटींवर बांधता येईल हे ठरवण्याचा अधिकार. म्हणून या प्रश्नाला इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा अधिक वेळ द्यावा.

बार्सिलोनाने हे कसे केले ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. एकेकाळी ‘कॅटलोनियाचे मँचेस्टर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोब्लेनोऊ भागातील गिरण्या आणि कारखाने बंद पडत गेले. तेथील जमीन ‘२२ए’ या केवळ उद्योगासाठी राखलेल्या वर्गात मोडत होती. २००० साली नगर परिषदेने सुमारे २०० हेक्टरांवरील या जमिनीचा वर्ग बदलून ‘२२@’ केला. नव्या वर्गात कार्यालये, प्रयोगशाळा, प्रदूषणरहित उत्पादन, शिक्षण आणि घरे शेजारीशेजारी असू शकत होती, आणि जुन्या नियमामुळे तांत्रिकदृष्ट्या अनधिकृत ठरलेली हजारो घरेही कायदेशीर झाली. जमीनमालकांना वाढीव चटईक्षेत्र (बांधता येणारे एकूण क्षेत्रफळ) मिळाले, पण फुकट नाही : पुनर्विकास करताना साधारण ३० टक्के जमीन हरित जागा, सार्वजनिक सोयी आणि परवडणाऱ्या घरांसाठी द्यावी लागली, आणि रस्ते, वीजवाहिन्या, दूरसंचार यांच्या नूतनीकरणाच्या खर्चातही त्यांना वाटा उचलावा लागला. ज्ञानाधारित उद्योगांना जागा देणाऱ्या प्रकल्पांना चटईक्षेत्रात आणखी सवलत होती.

यातील वेळ महत्त्वाची आहे. नियम बदलला की जमिनीची किंमत त्याच दिवशी वाढते. ती वाढ सार्वजनिक निर्णयामुळे झालेली असते, त्यामुळे तिचा सार्वजनिक वाटा नियम बदलण्याच्या त्याच ठरावात लिहून घ्यावा लागतो. आधी चटईक्षेत्र देऊन टाकायचे आणि मग विकासकांशी उद्यान, शाळा, घरे यांविषयी वाटाघाटी करायच्या, हा क्रम घेणाऱ्या शहराच्या हाती वाटाघाटीच्या वेळी काहीच उरलेले नसते.

बार्सिलोनाचे सगळे बरोबर आले असे मात्र नाही. काही भागांत संध्याकाळनंतर शुकशुकाट असणारे कार्यालयांचे पट्टे तयार झाले, जुन्या कारखान्यांच्या इमारती पाडण्यावरून रहिवाशांनी संघर्ष केला, आणि पुढे घरांचे प्रमाण वाढवण्यासाठी व औद्योगिक वारसा जपण्यासाठी शहराला योजनेचा फेरविचार करावा लागला.

उद्योग यावेत म्हणून नियमन शिथिल करावे का?

नियम कमी असले की उद्योग येतात, हे गृहीतक केंब्रिजच्या केंडल स्क्वेअरच्या इतिहासाने चुकीचे ठरवले आहे. कारखाने उठून गेल्यानंतर १९६० च्या दशकात तेथे पुनर्विकासासाठी जमीन मोकळी करण्यात आली. नासाचे इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र आले, पण ते १९७० मध्ये बंद झाले आणि एमआयटीच्या दाराशी असलेली कितीतरी जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली. १९७६ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीतील डीएनए-पुनर्संयोजनाच्या (वेगवेगळ्या जीवांचे डीएनए जोडण्याच्या) प्रयोगांवरून शहरात मोठा वाद उसळला. नगर परिषदेने प्रयोगांना तात्पुरती स्थगिती दिली आणि सामान्य नागरिकांची समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार १९७७ मध्ये शहराने या संशोधनाचे सुरक्षा-नियम कायद्याने लागू केले. अमेरिकेतील कोणत्याही शहराचा असा हा पहिला कायदा होता.

विज्ञानाच्या वाटेतील अडथळा म्हणून त्या वेळी या नियमांची संभावना झाली. प्रत्यक्षात इतर शहरांत काय चालेल आणि काय चालणार नाही हे संदिग्ध असताना केंब्रिजमध्ये ते लेखी स्वरूपात उपलब्ध होते, आणि भीतीचे प्रश्न भर सभेत विचारून झालेले असल्याने उद्या अचानक बंदी येण्याचा धोका कमी होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बायोजेन तेथे आली, त्यामागोमाग इतर जैवतंत्रज्ञान कंपन्या आल्या, आणि २००२ मध्ये नोव्हार्टिस या औषध कंपनीने आपल्या संशोधनाचे जागतिक मुख्यालय तेथे आणण्याचे ठरवले. अर्थात एमआयटी शेजारी नसती तर नुसत्या कायद्याने काही घडले नसते. परंतु प्रयोगशाळेत कोट्यवधींची गुंतवणूक करणाऱ्याला सैल नियमांपेक्षा स्पष्ट आणि न बदलणारे नियम अधिक हवे असतात.

पैसा कोठून येतो?

बहुतेक ठिकाणी तो मिश्र स्वरूपाचा असतो : रस्ते व वाहतुकीसाठी सरकारी निधी, प्रयोगशाळांसाठी विद्यापीठे आणि संशोधन अनुदाने, इमारतींसाठी खाजगी विकासक, आणि आरंभीच्या तोट्याच्या वर्षांसाठी धर्मादाय संस्था किंवा आधारसंस्था. अमेरिकेत भविष्यातील वाढीव कर-उत्पन्न तारण ठेवून आज कर्ज उभारण्याची पद्धत रूढ आहे : परिसरातील मालमत्ता कराची सध्याची पातळी गोठवली जाते आणि तीवरील वाढ ठरावीक वर्षे त्याच परिसरावर खर्च होते. ही पद्धत आकर्षक आहे, पण ती वाढ तशीही होणार असेल, तर शाळा आणि इतर सेवांच्या वाट्याचा पैसा नकळत या परिसराकडे वळतो. शिवाय अपेक्षित वाढ झाली नाही, तर कर्ज मात्र उरते. टोरँटोतील ‘मार्स’ या केंद्राच्या दुसऱ्या इमारतीचे काम २००८ च्या आर्थिक संकटात रखडले, प्रांत सरकारला कर्ज देऊन हात द्यावा लागला आणि त्यावरून मोठा राजकीय गदारोळ झाला. पुढे इमारत भरली आणि कर्जही फेडले गेले, पण मधल्या वर्षांत तो भार पेलणारे कोणीतरी हवेच होते.

करसवलती द्याव्यात का?

रेसिफेने परिसरातील तंत्रज्ञान कंपन्यांचा सेवाकर ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला आणि त्याचा उपयोगही झाला. तेथे शिक्षित मनुष्यबळ आधीपासून होते, हे मात्र विसरू नये. सवलत हे एकमेव आकर्षण असेल, तर ती संपल्याबरोबर कंपनी पुढच्या शहरात जाते.

परिसर यशस्वी झाला की भाडी वाढून नवउद्योगच बाहेर फेकले जातात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि या कल्पनेतील ही सर्वात अवघड गाठ आहे. बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी २०१० मध्ये सीपोर्ट भागातील सुमारे १,००० एकर नवोन्मेषासाठी घोषित केले तेव्हा तेथे वाहनतळ आणि गोदामे यांचेच राज्य होते. नवउद्योगांना सुरुवातीला फुकट जागाही मिळाली. काही वर्षांतच मोठ्या कंपन्यांची कार्यालये आणि आलिशान सदनिका आल्या, भाडी चढली, आणि ज्यांच्यामुळे भागाला नाव मिळाले त्यांनाच तेथे राहणे परवडेनासे झाले.

यावर उपाय आहेत, परंतु ते भाडी वाढण्याआधी योजावे लागतात. केंडल स्क्वेअरच्या काही भागाच्या २०१३ मधील नव्या नियमावलीत कार्यालयीन बांधकामाचा ५ टक्के भाग अल्प मुदतीच्या भाडेकरारावर लहान नवउद्योगांसाठी ठेवण्याची अट घातली गेली. सिंगापूरमध्ये ‘वन-नॉर्थ’ परिसरातील ‘ब्लॉक ७१’ ही जुनी औद्योगिक इमारत पाडण्याचे ठरले होते. ती राखून २०११ मध्ये नवउद्योगांना दिली गेली आणि लवकरच गजबजली. कळकट जिने आणि बेताची सजावट असलेली ही इमारत भोवतालच्या चकचकीत इमारतींपेक्षा नवउद्योजकांना अधिक सोयीची वाटली, कारण ती स्वस्त होती. सर्वात टिकाऊ उपाय म्हणजे काही जमीन शहराने कधीच न विकणे आणि ती दीर्घ भाडेकरारावरच देणे.

आधीपासून राहणाऱ्या लोकांचे काय?

येथील इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. फिलाडेल्फियात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या विज्ञान केंद्रासाठी आणि विद्यापीठांच्या विस्तारासाठी ‘ब्लॅक बॉटम’ नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती उठवण्यात आली. त्या घटनेची आठवण अजून पुसलेली नाही, आणि त्या शहरातील प्रत्येक नव्या योजनेकडे लोक त्या आठवणीतूनच पाहतात.

विस्थापनाचा प्रश्न घरांपुरता नसतो. परिसरातील पदांसाठी लागणारे शिक्षण शेजारच्या वस्तीत नसेल, तर रोजगार हाताच्या अंतरावर असूनही मिळत नाही. अनेक पदांना पदवी लागतच नाही : प्रयोगशाळा सहायक, उपकरणांची देखभाल करणारे, साहित्य पुरवठादार. या पदांसाठी प्रशिक्षण देताना अभ्यासक्रम आधी आखून मग नोकऱ्या शोधण्यापेक्षा संस्थेकडून रिक्त पदांची हमी आधी घ्यावी आणि मग प्रशिक्षण सुरू करावे. क्लीव्हलंडने खरेदीच्या बाजूने विचार केला. तेथील रुग्णालये आणि विद्यापीठ दरवर्षी बाहेरून प्रचंड खरेदी करीत. त्यातील काही भाग भोवतालच्या गरीब वस्त्यांकडे वळावा म्हणून २००८ च्या सुमारास ‘एव्हरग्रीन’ सहकारी संस्थांची योजना आखली गेली, आणि कामगारांच्याच मालकीची धुलाई संस्था हा तिचा पहिला उपक्रम ठरला. धुलाई आणि जनुकशास्त्र यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. रुग्णालयाच्या चादरी कोणी ना कोणी धुणारच असते, आणि तो पगार कोणत्या वस्तीत जातो हा संबंध आहे.

हा परिसर कोणी चालवावा?

नगरपालिकेच्या एखाद्या विभागाने एकट्याने चालवू नये, कारण निवडणूक झाली की प्राधान्यक्रम बदलतो. सेंट लुईसमधील ‘कॉर्टेक्स’ २००२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठासह पाच संस्थांनी मिळून ना-नफा तत्त्वावर स्थापन केले. ते सुमारे २०० एकरांच्या परिसराचा विकास सांभाळते, आणि २०१८ मध्ये तेथे मेट्रोचे नवे स्थानकही झाले. संस्थेचे स्वरूप कोणतेही असो, तिला स्वतःचे उत्पन्न, पूर्णवेळ माणसे आणि जमिनीविषयी काही प्रत्यक्ष अधिकार हवेत. नाहीतर ती वर्षातून दोन परिषदा भरवणारी समिती होऊन बसते.

माणसांनी एकमेकांना भेटावे यासाठी काय करता येते?

आइंडहोवेनच्या आवारात उपाहारगृहे आणि सभागृहे मध्यभागी एकत्र ठेवली गेली आणि कंपन्यांनी आपापल्या इमारतीत वेगळी उपाहारगृहे थाटू नयेत असे धोरण ठेवले गेले. जेवायला बाहेर पडावेच लागते, त्यामुळे भेटी होतात. बॉस्टनने २०१३ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट हॉल’ हे सर्वांना खुले असे बैठकीचे ठिकाण उघडले. नियमित, ठरलेल्या वारी होणारे साधे मेळावेही उपयोगी पडतात. भव्य वार्षिक महोत्सवांपेक्षा दर आठवड्याच्या त्याच वेळेच्या चहाला अधिक फळ येते, असे माझे मत आहे.

संपूर्ण परिसर एखाद्या तंत्रज्ञान कंपनीकडे सोपवावा का?

टोरँटोच्या ‘क्वेसाइड’ भागासाठी गुगलच्या मातृसमूहातील ‘साइडवॉक लॅब्स’ने २०१७ मध्ये महत्त्वाकांक्षी योजना मांडली. संवेदकांनी गोळा केलेली माहिती कोणाची, आणि मूळच्या १२ एकरांपलीकडे कंपनीला किती अधिकार, या प्रश्नांवर अडीच वर्षे वाद चालला आणि मे २०२० मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन माघार घेतली. कंपनी निघून जाऊ शकते. शहर जाऊ शकत नाही. भागीदारी करावी, पण नियम, विदा (गोळा केलेली माहिती) आणि जमीन यांवरील अंतिम अधिकार सार्वजनिक यंत्रणेकडेच असावा.

घरून काम करण्याची पद्धत रुळल्यावर या परिसरांना भवितव्य आहे का?

प्रयोगशाळा, चाचणी-यंत्रे आणि रुग्ण घरी नेता येत नाहीत, त्यामुळे प्रायोगिक कामावर आधारलेले परिसर तुलनेने कमी हलले. केवळ कार्यालयांच्या भाड्यावर उभे असलेले परिसर मात्र अडचणीत आले. नव्या आराखड्यांत घरांचे आणि कार्यशाळांचे प्रमाण वाढवण्याचे हे पुरेसे कारण आहे.

फळ दिसायला किती वर्षे लागतात, आणि यश कसे मोजावे?

केंडल स्क्वेअरला पुनर्विकासाच्या निर्णयापासून जैवतंत्रज्ञानाचे केंद्र म्हणून नाव मिळेपर्यंत तीसहून अधिक वर्षे लागली. बार्सिलोनाची योजना दोन दशकांनंतरही अपूर्ण होती. पाच वर्षांत निकाल मागणारे प्रशासन साहजिकच इमारती मोजते, कारण पाच वर्षांत इमारतीच पूर्ण होतात. त्याऐवजी काही मध्यम मुदतीच्या खुणा पाहाव्यात. परिसरात स्थापन झालेल्या कंपन्यांपैकी किती पहिल्या जागेतून मोठ्या जागेत जाताना त्याच शहरात राहिल्या? बाहेरून आलेल्या आणि शहरातल्या शहरात हललेल्या रोजगारांची नोंद वेगवेगळी ठेवली आहे का? शेजारच्या वस्त्यांतील किती लोकांना काम मिळाले, आणि एका वर्षानंतर त्यांतील किती कामावर टिकले? आधारसंस्थेच्या खरेदीत स्थानिक वाटा वाढला का? या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवल्या नाहीत तर नंतर त्या मिळवता येत नाहीत, म्हणून त्यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा.

लहान शहराने या वाटेला जावे का?

प्रत्येक शहराने जावे असे नाही. आधारसंस्था नाही, विशेष कौशल्य नाही आणि रिकाम्या इमारती भरण्याची घाई आहे, अशी स्थिती असेल तर तोच पैसा शाळा, पाणी आणि वाहतूक यांवर खर्च केल्यास अर्थव्यवस्थेला अधिक उपयोग होतो. एखादे विशेष कौशल्य असेल, तर शेकडो एकरांचा आराखडा करण्याची गरज नाही. एक जुनी इमारत, सामायिक वापराची काही महागडी यंत्रे, दोन-तीन संस्थांचा लेखी करार आणि पाच वर्षे टिकेल असा एक जाणकार व्यवस्थापक एवढ्यावर सुरुवात करता येते. तीन वर्षांनी त्या इमारतीत जागेसाठी रांग लागली, तर शेजारच्या इमारतीचा विचार करावा. रांग लागली नाही, तर बुडालेली रक्कम एका इमारतीपुरतीच राहते आणि यंत्रे तंत्रशिक्षण संस्थेला देता येतात.